उंदराच्या पेशीची वेसण

निफाडचे नाव महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी या गावी झाला. पुढे १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा उपक्रम सुरू झाला, त्याच्या मुळाशी रानडे यांचीच प्रेरणा होती. उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातील माणसांनी एकत्र जमावे, ज्याला जे ठाऊक असेल त्याने ते इतरांस सांगावे आणि ऐकणाराने ते पारखून घ्यावे, ही त्यामागची साधी कल्पना. त्या कल्पनेचा आधार घेऊनच मी आज माझ्या नेहमीच्या क्षेत्राबाहेरचा विषय आपणांपुढे मांडीत आहे.

विषय थोडा विचित्र वाटेल. उंदराच्या रक्तातील एका पेशीवर असणारे एक प्रथिन, ते प्रयोगशाळेत वेगळे कसे तयार करतात, आणि त्याचा उपयोग काय. कामगार संघटनेच्या माणसाला या उठाठेवी कशाला, असे कोणी विचारील. मी डॉक्टर नव्हे, शास्त्रज्ञ तर नव्हेच. माझे शिकणे झाले ते वाचनालयात आणि रात्रीच्या रेल्वेप्रवासात. परंतु ज्यांच्यात मी वावरतो त्या माणसांच्या खिशात तंबाखूची पुडी असते. रात्रपाळीला झोप येऊ नये म्हणून, उसाच्या फडावर भूक मारण्यासाठी, ट्रकच्या चाकाशी जागे राहण्यासाठी ती तोंडात जाते. आपल्याच जिल्ह्यातील सिन्नर विड्यांसाठी नावाजलेले गाव आहे. आज हिंदुस्थानातील पुरुषांत आढळणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग आघाडीवर आहे. अशा रोग्याला गेल्या दहा-बारा वर्षांत एक नव्या जातीचे औषध मिळू लागले आहे. त्या औषधाची वाट उंदराच्या या प्रथिनावरून जाते; आणि ते औषध गरिबाला परवडावे म्हणून जो एक मोठा प्रयत्न झाला, तो आपल्या मुंबईत, परळला झाला. म्हणून हा विषय आपला आहे.

पहारेकरी आणि वेसण

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, हे शाळेत सर्वांनीच शिकलेले असते. त्यांतील एका जातीला टी-पेशी म्हणतात. या पेशी म्हणजे शरीराचे गस्तवाले. त्या अंगभर हिंडतात, प्रत्येक पेशीच्या दाराशी थांबतात आणि आतला माणूस ओळखीचा की परका हे पाहतात. परका जंतू किंवा बिघडलेली पेशी आढळली की तिचा नाश करतात. ही ओळख पटविण्यासाठी टी-पेशीच्या बाहेरच्या पापुद्र्यावर प्रथिनांचे अनेक रेणू उभे असतात. बाहेरचा निरोप घेऊन तो आत पोचविणे हे त्यांचे काम. शास्त्रीय भाषेत त्यांना ‘ग्राही’ म्हणतात.

येथे एक अडचण उभी राहते. गस्तवाला जर नुसताच चिडखोर असेल तर तो घरच्याच माणसांवर काठी चालवील. म्हणून निसर्गाने टी-पेशीला चेव आणणारे ग्राही दिले, तसे तिला आवरणारेही दिले. आपल्याकडे बैलाला वेसण असते ना, अगदी तसे. बैलात बळ हवे, पण त्या बळाला दोरी हवी. टी-पेशीच्या अशा वेसणींपैकी एकीचे नाव आहे पीडी-१. शरीरातील निरोगी पेशी गरज पडेल तेव्हा आपल्या अंगावर ‘पीडी-एल-१’ नावाचे दुसरे प्रथिन आणतात. हे प्रथिन पीडी-१ ला जाऊन भिडले की वेसण ओढली जाते आणि टी-पेशी शांत होते.

आता कर्करोगाची लबाडी पाहा. कर्करोगाची पेशी ही बिघडलेली असली तरी असते घरचीच. तिला घरची सारी दारे, साऱ्या खुंट्या माहीत. अनेक कर्करोगांत ही पेशी आपल्या अंगावर भरपूर पीडी-एल-१ उभे करते. गस्तवाला येतो, परक्याला ओळखतो, काठी उगारतो, आणि तेवढ्यात त्याची वेसण ओढली जाते. तो तसाच उभा राहतो. संपात पुष्कळदा असेच होते: माणसे आहेत, बळ आहे, रागही आहे, परंतु दोरी भलत्याच्या हातात गेलेली असते.

मग उपाय कोणता? दोरीचे टोक कर्करोगाच्या हाती लागू द्यायचे नाही. पीडी-१ वर आधीच एखादे झाकण बसवून टाकले तर पीडी-एल-१ ला भिडायला जागाच उरत नाही आणि टी-पेशी आपले काम करू लागते. नव्या औषधांचे सारे तत्त्व एवढेच आहे. ती कर्करोगाला थेट मारीत नाहीत. ती आपल्याच गस्तवाल्याला मोकळे करतात.

उंदीरच का?

उंदराशी आपले नाते तसे जुने आहे. तो गणपतीचे वाहन आहे आणि कणगीतला चोरही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तेव्हा पडलेल्या उंदरांनीच लोकांना गावाबाहेर जाण्याची सूचना दिली. त्याच प्लेगवर वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. तीच आजची हाफकिन संस्था. हा त्या काळचा उंदीर रोग आणणारा होता. प्रयोगशाळेतील उंदीर हा त्याचा लहान, पांढरा किंवा काळा चुलतभाऊ.

प्रयोगशाळेत याच प्राण्याला एवढे महत्त्व का, हे निफाडकरांना समजावणे सोपे आहे. येथील गहू संशोधन केंद्राने ‘त्र्यंबक’, ‘तपोवन’ यांसारखे वाण दिले. वाण शुद्ध असल्याशिवाय कोणते खत किती लागू पडले हे कळत नाही, कारण प्रत्येक रोप वेगळे निघाले तर फरक खताचा की बियाण्याचा हे सांगता येत नाही. गहू स्वतःच्याच परागाने फळतो, म्हणून तो सहज शुद्ध राहतो. उंदराचे तसे नाही. तेथे भावाबहिणीचा संकर लागोपाठ किमान वीस पिढ्या करावा लागतो, तेव्हा कुठे एकमेकांच्या प्रतिकृती म्हणाव्यात असे उंदीर मिळतात. उंदराची पिढी लवकर बदलते, तो लहान जागेत राहतो, आणि त्याची प्रतिकारव्यवस्था पुष्कळ अंशी आपल्यासारखीच चालते. म्हणून त्याची निवड झाली.

या कामात मराठी माणसे आहेत, याचा अभिमान बाळगावयास हरकत नाही. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली परळला कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घातला गेला. तेथेच पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी शुद्ध वाणाच्या उंदरांवर स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला. पेशी शरीराबाहेर काचेच्या भांड्यात वाढविण्याचे तंत्र त्यांनी आपल्या देशात रुजविले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या परळच्या एका अंगाला गिरण्यांचे भोंगे वाजत, त्याच परळच्या दुसऱ्या अंगाला या बाई उंदरांच्या पिंजऱ्यांपुढे वह्या भरीत होत्या.

पीडी-१ चा शोधही उंदराच्या पेशीतच लागला. १९९२ साली जपानमधील क्योतो येथे तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत यासुमासा इशिदा व त्यांचे सहकारी, पेशी स्वतःहून का मरतात याचा शोध घेत होते. मरणोन्मुख पेशींत त्यांना एक नवे जनुक सापडले. ते मरणाशी निगडित असावे अशा समजुतीने त्याला ‘ठरलेल्या मृत्यूचे पहिले’ अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. पीडी-१ हे त्याचेच लघुरूप. मौज अशी की पुढे ही समजूत टिकली नाही, नाव मात्र चिकटून राहिले.

मग त्याचे खरे काम काय? हे कळण्यासाठी ते जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. १९९९ साली दिसून आले की अशा उंदरांच्या एका काळ्या वाणात वय वाढताच सांधे सुजतात व मूत्रपिंडे बिघडतात. २००१ साली दुसऱ्या, पांढऱ्या वाणात हृदय फुगून निकामी होत असल्याचे आढळले. वेसण काढल्याबरोबर बैल घरातच घुसला होता. त्यावरून पीडी-१ ही वेसण आहे, हे सिद्ध झाले. २००० साली तिची दोरी ओढणारे पीडी-एल-१ ओळखले गेले, आणि २००२ साली ही ओढ अडवल्यास उंदरातील गाठींची वाढ रोखता येते असे दिसले. या कामासाठी होन्जो यांना, आणि अशाच दुसऱ्या एका वेसणीवर काम करणारे अमेरिकेतील जेम्स ॲलिसन यांना, २०१८ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा

आता या प्रथिनावर प्रयोग करावयाचे तर ते हाती हवे. उंदराच्या रक्तातून ते गाळून काढावे म्हटले तर शेकडो उंदीर मारूनही चिमूटभर निघणार नाही. येथे आपल्या द्राक्षबागाईतदाराची युक्ती कामी येते.

आपल्याकडे थॉमसन द्राक्षाची काडी डॉगरिज जातीच्या खुंटावर बांधतात. खुंट जमिनीतील क्षार सोसतो, पाणी ओढतो. फळ मात्र काडीच्या जातीचे येते. जनुकाचे कलमही असेच असते. एका प्राण्याचे जनुक कापून दुसऱ्या पेशीत बसवावयाचे, म्हणजे राबते ती पेशी आणि माल निघतो पहिल्या प्राण्याचा. स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९७३ साली हे तंत्र दाखवून दिले. १९८२ पासून मधुमेहाचे इन्सुलिन अशा कलमी जंतूंकडून तयार होऊन बाजारात येऊ लागले. त्यापूर्वी ते डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढावे लागे. या रीतीने झालेल्या प्रथिनाला पुनर्संयोजित प्रथिन म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट कलमाचीच आहे.

उंदराचे पीडी-१ हे २८८ मण्यांची माळ आहे असे समजा. प्रत्येक मणी म्हणजे एक ॲमिनो आम्ल. या माळेचा एक भाग पेशीच्या बाहेर असतो, एक पापुद्र्यात रुतलेला असतो आणि एक आत लोंबतो. दोरी ओढली जाते ती बाहेरच्या भागाला. म्हणून प्रयोगासाठी बहुधा तेवढाच भाग घेतात. जणू बैल बाजूला ठेवून नुसती वेसण हातात घेतली. पापुद्र्यात रुतणारा भाग गाळल्यामुळे हे प्रथिन पाण्यात सहज विरघळते, हा आणखी एक फायदा.

तेवढ्या भागाचा जनुकखंड एका लहानशा गोल डीएनएच्या कड्यात बसवितात. त्याच्या शेपटाला हिस्टिडीन नावाच्या सहा मण्यांची एक खूण जोडतात; तिचे काम पुढे कळेल. हे कडे मग पेशींत सोडतात. कोणत्या पेशींत? जंतू स्वस्त पडतात, परंतु प्राण्यांची पेशी अशा प्रथिनावर साखरेच्या लहान साखळ्या चढविते, ते काम नेहमीच्या जंतूंना जमत नाही. म्हणून पुष्कळदा १९७३ साली मानवी मूत्रपिंडाच्या पेशींपासून सुरू झालेला एक वंश वापरतात, किंवा १९५७ पासून चालत आलेला चिनी हॅमस्टरच्या पेशींचा वंश. या पेशी पोलादी किंवा काचेच्या भांड्यात, ऊबदार पोषक द्रवात वाढतात आणि उंदराचे प्रथिन तयार करून द्रवात सोडीत राहतात. राबणारा एक, माल दुसऱ्याच्या नावाचा, हा न्याय आम्हा कामगारांना नवा नाही!

त्या द्रवात हजार गोष्टी असतात. त्यांतून आपले प्रथिन निवडावयाचे तर तो द्रव निकेलचे अणू बांधलेल्या मण्यांच्या नळीतून सोडतात. सहा हिस्टिडीनची ती खूण निकेलला घट्ट धरते, बाकीचे सारे वाहून जाते. मग दुसरा द्रव सोडून धरलेले प्रथिन सोडवून घेतात. हजेरीच्या दाराशी बिल्ला पाहून माणसे आत घ्यावीत, तसे हे आहे.

बाटलीतील पूड

यानंतर तपासणी. मालात भेसळ नाही ना, हे विजेच्या प्रवाहाने जेलीतून प्रथिने पळवून पाहतात. लहान रेणू पुढे जातात, मोठे मागे राहतात, आणि एकच पट्टा उमटला तर माल शुद्ध. जंतूंच्या कवचाचे विषारी अंश राहिले आहेत काय, हेही पाहतात. कारण ते राहिले तर टी-पेशी त्यांच्यामुळेच खवळतील आणि प्रयोगाचा निष्कर्ष खोटा निघेल. शेवटी प्रथिन खरोखर काम करते काय हे पाहावयाचे. प्लॅस्टिकच्या ताटलीतील लहान खळग्यांत ते चिकटवून वरून पीडी-एल-१ सोडतात आणि किती भिडले ते रंगाच्या गडदपणावरून मोजतात. एवढ्या कसोट्यांतून उतरलेले प्रथिन गोठवून सुकवितात आणि बोटाएवढ्या बाटलीत भरतात. आत पन्नास किंवा शंभर मायक्रोग्रॅम माल असतो. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. डोळ्यांना बाटली रिकामीच वाटावी. ती शून्याखालील थंडीत ठेवतात, आणि एकदा विरघळल्यावर पुनःपुन्हा गोठवीत-वितळवीत नाहीत, कारण तसे केल्याने प्रथिनाची घडी मोडते.

या बाटलीवर स्पष्ट लिहिलेले असते की हे केवळ संशोधनासाठी आहे, रोग्याला देण्यासाठी नव्हे. ही ओळ मी मुद्दाम सांगतो. कर्करोगाचे नाव ऐकून हवालदिल झालेल्या कुटुंबाला कोणीही काहीही विकतो. आमच्या एका सभासदाच्या घरच्यांनी असल्याच एका ‘नव्या शोधाच्या’ थेंबांसाठी दोन म्हशी विकल्या. थेंबांत काय होते ते कोणालाच सांगता आले नाही. शास्त्राच्या मालावर तो कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे दोन्ही लिहिलेले असते. ज्याच्यावर दुसरी गोष्ट लिहिलेली नाही, त्यापासून दूर राहावे.

मग रोग्याला न देता येणाऱ्या या पुडीचा उपयोग काय? माणसाचे औषध आहे ‘निव्होलुमॅब’. ते मानवी पीडी-१ वर बसणारे प्रतिपिंड आहे. जॉर्जेस कोहलर आणि सेसार मिलस्टीन यांनी १९७५ साली उंदराच्या पेशींपासून एकाच साच्याचे प्रतिपिंड हवे तेवढे मिळविण्याची रीत शोधून काढली होती. तिचाच पुढचा टप्पा म्हणजे मानवी प्रतिपिंडांची जनुके बसविलेला उंदीर. अशा उंदरांना कलमी रीतीने तयार केलेले मानवी पीडी-१ टोचले, आणि त्यांनी त्याविरुद्ध जी प्रतिपिंडे तयार केली त्यांतून हे औषध निवडले गेले. २०१४ साली त्याला प्रथम जपानमध्ये व नंतर अमेरिकेत परवानगी मिळाली.

परंतु मानवी आणि उंदराच्या पीडी-१ ची लांबी सारखी असली तरी मण्यांचे साम्य सुमारे साठ टक्केच आहे. त्यामुळे हे औषध उंदराच्या वेसणीवर बसतच नाही. उलट मौज अशी की माणसाचे पीडी-एल-१ मात्र उंदराच्या पीडी-१ ला भिडते. २००८ साली या जोडीचे अणूअणूंचे चित्र स्फटिकावरून मिळविण्यात आले. तात्पर्य, जुळते काय आणि जुळत नाही काय, हे अंदाजाने सांगता येत नाही. ते करून पाहावे लागते. एखादे नवे औषध, नवी मात्रा, नवी जोडी उंदरात तपासावयाची तर उंदराच्या वेसणीवर बसणारे प्रतिपिंड हवे. आणि ते नीट बसते की नाही हे पाहण्यासाठी उंदराचेच पीडी-१ हातात हवे. कुलूप समोर असल्याशिवाय किल्ली घासता येत नाही. त्या बाटलीतली पूड म्हणजे ते कुलूप.

कुलपे किती, किल्ल्या किती

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या औषधाची ठरलेली मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम. ती महिनोन्‌महिने चालवावयाची. तिची किंमत अशी की आपल्यासारख्या देशांत ज्यांना ते हवे त्या शंभर रोग्यांतील फार तर तिघांना ते घेता येते. उरलेल्या सत्त्याण्णवांना शोध लागला काय आणि न लागला काय, सारखेच!

येथे कुलपाची गणती कामी येते. औषध जर कर्करोगाला मारणारे विष असते तर मात्रा कमी केल्यास परिणामही कमी, असे सरळ म्हणता आले असते. परंतु हे तर झाकण आहे. कुलपे जितकी, तितकी झाकणे बसली की काम झाले. त्याहून अधिक झाकणे ओतून उपयोग काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत रोग्यांच्या टी-पेशींवरील किती पीडी-१ झाकले गेले ते मोजले होते. वजनाच्या दर किलोला ०.३ मिलिग्रॅम इतकी लहान मात्रा दिली तरी सुमारे सत्तर टक्के रेणू झाकलेले आढळले, आणि हा परिणाम एकाच सलाईननंतर दोन महिन्यांहून अधिक टिकला. दर किलोला दहा मिलिग्रॅम देऊनही त्यात मोठी भर पडली नाही. साठ किलो वजनाच्या माणसाचा हिशेब करा: ०.३ गुणिले ६० म्हणजे १८ मिलिग्रॅम.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी या दिशेने पाऊल टाकले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या या रुग्णालयात देशभरातून गरीब रोगी येतात; बाहेरच्या पदपथावर पथारी टाकून बसलेली कुटुंबे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. तेथे तोंड, घसा इत्यादींच्या बळावलेल्या, बरे होण्याच्या पलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या १५१ रोग्यांवर चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांना मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब व एर्लोटिनिब ही तीन तोंडाने घ्यावयाची औषधे दिली. एका गटाला त्याखेरीज दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. सहा आठवड्यांचा हिशेब मांडला तर नेहमीची मात्रा ७२० मिलिग्रॅम होते आणि ही ४०. म्हणजे अठरावा हिस्सा.

निष्कर्ष २०२२ साली जाहीर झाले. केवळ तीन औषधे घेणाऱ्यांपैकी एक वर्षानंतर हयात होते १६.३ टक्के, अठरावा हिस्सा निव्होलुमॅब मिळालेल्या गटात ४३.४ टक्के. आयुष्याचा मध्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला.

या आकड्यांना फुगविण्याचे कारण नाही. औषध मिळालेल्या गटातही निम्म्याहून अधिक रोगी वर्ष संपण्यापूर्वी गेले. पूर्ण मात्रा आणि लहान मात्रा यांची समोरासमोर तुलना या चाचणीत नव्हती. म्हणून लहान मात्रा पूर्ण मात्रेच्या बरोबरीची आहे असे या एकट्या चाचणीवरून म्हणता येणार नाही. शिवाय वेसण सैल केली की तो १९९९ चा उंदीर आठवावाच लागतो: काही रोग्यांत मोकळी झालेली टी-पेशी फुप्फुस, आतडी, गलग्रंथी यांवर चालून जाते. म्हणून हे औषध जाणत्या डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे. परंतु ज्याला पूर्ण मात्रा मिळणे शक्यच नव्हते, त्याच्यापुढे पर्याय होता शून्य आणि वीस मिलिग्रॅम यांच्यातला. त्या दोहोंतील फरक या चाचणीने मोजून दाखविला. जो प्रश्न श्रीमंत देशातील कारखानदार स्वतःहून विचारणार नाही, कारण त्याचे उत्तर त्याचा माल कमी खपविणारे आहे, तो प्रश्न परळच्या सार्वजनिक रुग्णालयाने विचारला.

याच वाटेवरचे आणखी एक उदाहरण. रोग्याच्या टी-पेशी बाहेर काढून, त्यांच्यावर कलमी ग्राही बसवून परत सोडण्याचा उपचार पवईची आय. आय. टी. आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून सिद्ध केला. त्या ग्राहीचा कर्करोग ओळखणारा भाग मूळचा उंदराच्या प्रतिपिंडातून घेऊन मानवी शरीराला रुचेल असा बदललेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. परदेशात याला जो खर्च येतो त्याच्या सुमारे दशांशात तो होतो. तो दशांशही शेतमजुराच्या आवाक्यातला नाही. पण दिशा बरोबर आहे.

आपल्या हातचे काय?

मागणी करणे हा माझा धंदा आहे, म्हणून तीन मागण्या मांडतो. पहिली, अशा प्रथिनांच्या बाटल्या आपल्या प्रयोगशाळा आजही मोठ्या प्रमाणावर परदेशातून मागवितात. वाटेत बर्फ वितळला की माल आणि महिना दोन्ही वाया. ज्या देशात लस तयार होते तेथे ही पूड तयार होण्यास हरकत नसावी. त्यासाठी सार्वजनिक पैसा हवा. दुसरी, लहान मात्रेसारखे प्रश्न तपासण्यासाठी सरकारी व विश्वस्त रुग्णालयांना स्वतंत्र निधी हवा, कारण नफा त्यासाठी पैसे देणार नाही. तिसरी मागणी त्या माणसांसाठी, ज्यांची नावे शोधनिबंधावर येत नाहीत. उंदरांचे पिंजरे धुणारा, पेशींची भांडी उकळणारा, रात्री शीतपेटीचे तापमान पाहणारा कामगार बहुधा कंत्राटी असतो. त्याच्या हातून एक चूक झाली तर वर्षाचे काम फुकट जाते. ज्याच्यावर एवढा भरवसा टाकायचा त्याला कायम नोकरी असावी. आणि उंदरालाही विसरू नये. प्राण्यांना क्रूरपणे वागविण्याविरुद्धचा १९६० चा कायदा प्रयोगशाळेतील प्राण्यांवरही लक्ष ठेवतो. कलमी प्रथिनामुळे जेथे उंदीर न मारता काम भागते, तेथे ते तसेच भागविले पाहिजे.

या मागण्या मान्य होण्यास काळ लागेल. एक गोष्ट मात्र आज संध्याकाळी घरी गेल्यावर करता येण्याजोगी आहे. आरशापुढे उभे राहून उजेडात तोंड उघडावे. गालाच्या आत किंवा जिभेखाली पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, तीन बोटे आत न जाण्याइतके आखडलेले तोंड, यांपैकी काही दिसले तर दुखत नाही म्हणून थांबू नये, डॉक्टरला दाखवावे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण ती पुडी कोठे मिळते हे शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. कायदा दुकानाच्या फळीपर्यंत पोचत नसेल तर शेजाऱ्याने पोचावे. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग पुष्कळदा शस्त्रक्रियेने बरा होतो. त्याला ना २४० मिलिग्रॅम लागतात ना २०.

परळला १५१ रोग्यांनी, आपला रोग बरा होणार नाही हे ठाऊक असताना, चाचणीस संमती दिली. त्यांच्यामुळे पुढच्या माणसासाठी एक आकडा मिळाला. त्यांची नावे आपल्याला कळणार नाहीत. आपल्या घरातील तंबाखूची पुडी आजच चुलीत टाकणे, एवढे तरी आपण त्यांच्यासाठी करू शकतो.